अपडेट चालू आहे, बोलू नये

हिंगणघाटला बसस्थानकामागच्या गल्लीत माझं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात माझ्याच हातानं रंगवलेली एक पाटी आहे, 'अपडेट चालू आहे, बोलू नये'. गिऱ्हाइकं ती वाचून हसतात. बोलल्यानं अपडेट बिघडतो असं कोणत्याही कंपनीनं म्हटलेलं नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या आठ-दहा मिनिटांत कोणी काही विचारलं की मी ओठांवर बोट ठेवून पाटीकडे दाखवतो. माझी बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते, "या माणसाले दूध उतू जाईन याची काळजी गॅस पेटवाच्या आधीपासून असते." तिचं म्हणणं खोटं नाही. पण या काळजीवरच मी बत्तीस वर्षं धंदा केला आहे, हेही तिनं कधीतरी सांगावं.

आयटीआय करून मी आधी रेडिओ दुरुस्त करायचो, मग रिळाचे कॅमेरे. रिळाच्या कॅमेऱ्यात काय बिघडलं ते डोळ्यांना दिसायचं. दाता तुटला, स्प्रिंग निसटली, पडदा अडकला. डिजिटल कॅमेरा आला आणि निम्मं दुखणं डोळ्याआड गेलं. त्या डोळ्याआडच्या भागाला फर्मवेअर म्हणतात. बटण दाबलं की काय करायचं, भिंग कसं फिरवायचं, फोटो कार्डावर कसा उतरवायचा, हे सगळं कॅमेऱ्याच्या पोटात लिहून ठेवलेलं असतं. कंपनीला त्यात चूक सापडली, किंवा काही नवं घालायचं असलं, की ती सुधारून लिहिलेली प्रत आपल्या वेबसाइटवर ठेवते. आपण ती कार्डावर घ्यायची, कार्ड कॅमेऱ्यात घालायचं आणि मेनूतून 'अपडेट' म्हणायचं.

ऐकायला सोपं आहे. पण नवं लिहिण्यासाठी आधीचं पुसावं लागतं. जुनं पुसलं गेलंय आणि नवं अजून पुरतं लिहून झालेलं नाही अशी काही मिनिटं मध्ये येतात. घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, नव्यानं रचायला खाली काढले आहेत, अर्धं घर उघडं आहे आणि तेवढ्यात आभाळ भरून आलं, तशी ती मिनिटं असतात. तेवढ्यात बॅटरी संपली, कोणी बटण दाबलं, कार्ड ओढलं, तर तो कॅमेरा आपण कॅमेरा आहोत हेच विसरतो. मग तो चालूही होत नाही आणि बंद आहे असंही धड म्हणता येत नाही.

म्हणून माझे काही हट्ट आहेत. फाइल कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्यायची. उतरवून झाली की तिचा आकार तिथं लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघायचा, कारण आपल्याकडचं नेट मध्येच दम टाकतं आणि अर्धीच फाइल पूर्ण असल्याचा आव आणते. कार्ड त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करायचं, पण आधी त्यातले फोटो काढून घ्यायचे. बॅटरी कंपनीची आणि काठोकाठ भरलेली हवी. आणि कामाच्या आदल्या दिवशी अपडेट करायचा नाही, म्हणजे नाही.

आष्टीचे एक गुरुजी पक्ष्यांचे फोटो काढतात. त्यांनी एकदा फाइल मित्राकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली. मित्राचा कॅमेरा त्याच मॉडेल-आकड्याचा, फक्त शेवटी एक अक्षर वेगळं. कॅमेऱ्यानं सभ्यपणे नकार दिला, म्हणून वाचला. गुरुजी मात्र माझ्यावरच डाफरले, "एका अक्षरानं काय होते हो?" मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही पोरांचे मार्क एका काना-मात्रेसाठी कापता." त्यावर ते हसले, आणि पुढच्या खेपेला फाइलचं नाव कागदावर लिहून घेऊन आले. अशी गिऱ्हाइकं मला आवडतात.

पण हे सगळं शहाणपण दुसऱ्यांना सांगणारा मी, एकदा स्वतःच चुकलो. त्याबद्दल लिहायचं म्हणूनच ही लेखणी हातात घेतली.

वडनेरची वैशाली माझी गिऱ्हाईक. तिशी नुकतीच ओलांडलेली, नवरा शेती करतो, घरात सासू. गावात तिचा एका खोलीचा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, बारशी, शाळेची स्नेहसंमेलनं, नुकसानीच्या पंचनाम्यासाठी शेताचे फोटो, अशी तिची कामं. तिनं जुना पण चांगला कॅमेरा माझ्यामार्फतच घेतला होता. हात शांत, नजर चांगली आणि सांगितलेलं ऐकण्याची सवय. फक्त सासूला तिचं काम पसंत नव्हतं. बाईमाणसानं परक्यांच्या मांडवात पुरुषांना 'जरा सरका, इकडं पाहा' म्हणत फिरायचं, हे त्या बाईंना पटत नसे. भांडण नव्हतं, पण कॅमेऱ्याचा विषय निघाला की त्या उठून आत जात. वैशाली हे मला हसत सांगायची, पण बोचत होतं तिला.

त्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर तिला पहिलं मोठं काम मिळालं. आमच्याच हिंगणघाटातलं लग्न, त्याच सकाळच्या हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं तिनं एकटीनं टिपायचं. मुलीच्या बापानं घरच्यांचं न ऐकता तिला काम दिलं होतं. मुलीच्या मामानं तोंडावर म्हटलं होतं म्हणे, की ऐनवेळी रडत बसली तर काय करणार. म्हणजे काम बिघडलं असतं तर फक्त एक लग्न गेलं नसतं. वडनेरच्या आसपास पुन्हा कोणी तिला मांडवात उभं केलं नसतं.

लग्नाच्या चार दिवस आधी तिचा फोन आला. दुकानात त्या वेळी गर्दी होती.

"काका, कॅमेरा मधूनच बंद पडते. एक सेकंद. मंग आपोआप चालू होते."

"नेहमी?"

"नाई, कधी कधी. जोरात हलवला का होते."

मी एका हातात कोणाचं तरी भिंग धरून होतो. कॅमेरा समोर नव्हता, गिऱ्हाईक घाईत होतं. त्या कंपनीनं महिन्याभरापूर्वीच नवा फर्मवेअर आणला होता आणि मधूनच बंद पडण्याची तक्रार त्यात दूर केली आहे असं मी वाचलं होतं. मी म्हणून गेलो, "नवा अपडेट आला आहे. करून टाक. काही होत नाही."

'काही होत नाही' हे शब्द मी उभ्या आयुष्यात क्वचितच बोललो असेन. आजारी कॅमेऱ्यावर अपडेट करायचा नसतो. आधी दुखणं शोधायचं, ते बरं करायचं आणि मग हवं तर अपडेट. हे मी इतरांना सांगतो. आणि 'जोरात हलवला का होते' हे तर तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. हलवल्यावर होणारं दुखणं लिहिण्यातल्या चुकीचं नसतं, ते कुठंतरी सैल किंवा मळलेल्या जागेचं असतं. मी ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

वैशालीकडे कापसाची वेचणी चालू होती. तीन दिवस तिला उसंत मिळाली नाही. चौथ्या दिवशी, म्हणजे लग्नाच्या आदल्या सकाळी, ती अपडेटला बसली. दुपारी एकच्या सुमारास ती माझ्या दुकानात उभी होती. मागे सासूबाई, नऊवारीचा पदर घट्ट खोचलेला. वैशालीनं कापडी पिशवीतून कॅमेरा काढून माझ्यासमोर ठेवला.

"काका, साठ टक्क्यांवर गेला अन् अंधार झाला."

"बॅटरी?"

"पूर्ण भरलेली. फाइलचा आकार पाह्यला. कार्ड फॉरमॅट केलं. पाटावर ठेवला होता, कोनीच हात नाई लावला."

दिवस सोडला तर तिनं एकही गोष्ट चुकीची केली नव्हती, आणि दिवसाचं मीच फोनवर बोललो नव्हतो. मी बटण दाबून पाहिलं. पडदा काळा, दिवा नाही, आवाज नाही. मी आधी दुसऱ्या कॅमेऱ्याची सोय पाहिली. ओळखीच्या चार स्टुडिओंना फोन लावले. हंगामातला पहिला मुहूर्त होता, कोणाकडे एकही मोकळा कॅमेरा नव्हता. वर्ध्याच्या एकानं तर, "दादा, मीच एक भाड्यानं शोधून राह्यलो," असं सांगितलं.

वैशाली म्हणाली, "मी माह्या ओळखीत पाह्यते," आणि फोन घेऊन बाहेर गल्लीत गेली. सासूबाई स्टुलावर बसून राहिल्या. मी दिवा जवळ ओढला, डोळ्याला भिंग लावलं आणि कॅमेऱ्याचं बॅटरीचं झाकण उघडलं.

बॅटरीच्या खोबणीत तळाला पितळी पात्या असतात. त्यांतूनच वीज आत जाते. त्यांतल्या एका पातीवर तांबडट-पिवळा थर होता, वाळून घट्ट बसलेला. मला आधी वाटलं, गंज. काडीला कापूस गुंडाळून त्यावर स्पिरिट घेतलं आणि पुसलं. कापूस लालभडक निघाला. गंज असा लाल नसतो.

मला उमगायला वेळ लागला, याचंही कारण आहे. दसऱ्याला आमच्या घरी हत्यारांची पूजा नसते. त्या दिवशी आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर असतो, दुकान बंद. गावागावांत त्या दिवशी विळे, नांगर, मोटारपंप, शिलाई मशीन यांना हळदीकुंकू लागतं, स्टुडिओवाले कॅमेऱ्यालाही लावतात, हे मला माहीत होतं. पण कोणी ते बॅटरीचं झाकण उघडून आत लावेल, हे बत्तीस वर्षांत माझ्या भित्र्या डोक्यातही आलं नव्हतं. ओलं बोट, त्यावर हळदकुंकू, पातीवर एक ठिपका. फोटो काढताना वीज क्षणभर तुटायची आणि पुन्हा यायची, कोणाचं फारसं लक्षही जायचं नाही. अपडेटच्या त्या मिनिटांत मात्र क्षणभर तुटलेलंही पुरलं.

मी मान वर केली. सासूबाई माझ्या हातातल्या कापसाकडे बघत होत्या.

मी कापूस कागदात गुंडाळून टोपलीत टाकला. अशा वेळी माणसाच्या चेहऱ्याकडे बघू नये, म्हणून मी पात्या पुन्हा पुन्हा पुसत राहिलो, त्या स्वच्छ झाल्यावरसुद्धा.

अपडेट मध्येच तुटला की काही कॅमेरे कायमचे जातात. काहींच्या पोटात मात्र एक छोटा कोपरा शाबूत राहतो. त्याला एवढंच कळतं की कार्डावर फाइल आहे का ते बघायचं आणि असली तर लिहायला सुरुवात करायची. हा कॅमेरा कोणत्या जातीचा, ते करून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. मी माझी स्वतःची भरलेली बॅटरी घातली. कार्डाच्या झाकणाजवळचा दिवा एकदाच लुकलुकला. मला एवढा आनंद झाला की मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. कोपरा जिवंत होता.

आता भीती वेगळी होती. पुन्हा तुटलं तर तो कोपराही जाणार. मग आतला मुख्य सर्किट बोर्ड बदलायचा, म्हणजे नागपूर, तिथून मुंबई आणि किमान तीन आठवडे. मी कॉम्प्युटरचा इन्व्हर्टर तपासला, फाइल नव्यानं उतरवली, आकार दोनदा ताडला. हा कॅमेरा कार्ड फॉरमॅट करू शकत नव्हता, म्हणून त्याच कंपनीच्या दुसऱ्या कॅमेऱ्यात केलं. फाइल कार्डावर घेतली, कोणत्याही फोल्डरमध्ये न घालता, मोकळी. वैशाली आत आली. तिला कुठंच कॅमेरा मिळाला नव्हता.

मी पाटी समोर टांगली. पंखा बंद केला, त्याचा काही संबंध नव्हता तरी. कार्ड घातलं.

पडदा काळाच होता, त्यामुळे किती टक्के झालं ते कळायला मार्ग नव्हता. फक्त तो दिवा लुकलुकत होता. एकदा तो थांबला. मी मनात दहा आकडे मोजले, सातव्याला तो परत लागला. वैशालीनं भिंतीला हात टेकला होता. सासूबाईंचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. बाहेर कोणीतरी, "मालक, मेमरी कार्ड हाय काय?" म्हणून ओरडलं आणि मी हातानंच त्याला हाकललं. नऊ मिनिटं गेली, दिवा विझला आणि पडदा उजळला. भाषा निवडा, तारीख टाका. नव्या कॅमेऱ्याचा पहिला पडदा.

मी तारीख टाकली, दहा-बारा फोटो काढले, हलवून पाहिला, जोरात हलवून पाहिला. एकदाही बंद पडला नाही. कॅमेरा वैशालीपुढं सरकवला.

तिनं हात लावला नाही.

"काका, काय चुकलं होतं माह्यं?"

"तुझं काहीच नाही. मी फोनवर न बघता सांगितलं. चूक माझी."

"मंग असं काऊन झालं?"

"सांगितलं ना. माझ्या सांगण्यानं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही समजूत काढून राह्यले माह्यी. माह्याच हातानं काहीतरी झालं. उद्या मांडवात पुन्हा असंच झालं तर? मी नाई करत हे लग्न. आत्ताच फोन करून सांगून देते त्याईले. सकाळपर्यंत कोनी ना कोनी भेटन."

तिनं खरंच फोन काढला. मी घाबरलो. मला वाटलं होतं, दोष आपल्यावर घेतला की पोरगी मोकळी होईल. झालं उलटंच. कारण समजल्याशिवाय तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वास परत येणार नव्हता. आणि कारण सांगायचं म्हणजे स्टुलावर बसलेल्या त्या बाईंकडे बोट दाखवायचं. मी पुन्हा म्हटलं, "अगं, माझं ऐक."

"तो फोन ठेव," सासूबाई म्हणाल्या.

वैशाली थांबली.

"तुह्या हातानं नाई झालं. दसऱ्याले तू शेतात गेलती, तवा मी कुकू लावलं त्याले. ते झाकन उघडून, आतमंदी. ह्या भाऊनं कापसानं काढलं आत्ता, मी पाह्यलं. हे भाऊ खोटं बोलून राह्यले."

वैशालीनं कॅमेरा उचलला, उलटा केला, बॅटरीचं झाकण उघडून आत पाहिलं, जणू अजून काही दिसेल.

"तुम्ही पूजा केली?" तिनं विचारलं. "माह्या कॅमेऱ्याची?"

"केली."

"पन आत काऊन, आत्याबाई?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "वरतून लावलं असतं तर तू पुसून टाकलं असतं. रोज फडक्यानं पुसतं तू त्याले, मी पाह्यते ना. म्हटलं आतलं राहीन."

वैशालीनं झाकण लावलं, दोनदा दाबून बघितलं आणि पट्टा गळ्यात अडकवला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "चला, आत्याबाई. बस निघून जाईन." जाताना सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही मुद्दाम ड्रॉवर उघडून काहीतरी शोधत बसलो.

त्या दिवसापासून मी फोनवर कोणाला काही सांगत नाही. कॅमेरा घेऊन या, म्हणतो. लोक चिडतात, नागपूरला निघून जातात, जाऊ देत. आणि दसऱ्यानंतर दुकानात आलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याचं बॅटरीचं झाकण आधी उघडतो.

पण त्या दुपारी लग्न अजून व्हायचं होतं, दुसऱ्या दिवशी साडेअकराचं. लग्नाच्या सकाळपासून मला दुकानात करमेना. दुरुस्तीला आलेला एक साधा फ्लॅश तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला. मांडव चार गल्ल्या सोडून होता, वाजंत्री ऐकू येत होती, पण जाऊन बघायची छाती झाली नाही. बारा वाजले तरी फोन नाही. साडेबाराला वैशालीच्या नंबरावरून वाजला, तेव्हा माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला.

"हॅलो, वैशाली? काय झालं?"

मागे प्रचंड गोंगाट होता. बोलत होत्या सासूबाई.

"भाऊ, मी हाय. लग्न लागलं. तिले बोलाले टाईम नाई, ती त्या मामाले सरका म्हनून राह्यली. तुम्ही काळजी करसान म्हनून तिनं मले फोन लावून देल्ला." मग त्यांनी आवाज जरा खाली आणला. "दुसरी बॅटरी माह्याजवळ हाय, भाऊ. हात धुवून, पुसून, मंगच धरली."